आधी वर, शंका मग

जुलैमधल्या एका रात्री माझा भाचा बेंगळुरूहून मुंबईला येत होता. बाहेर पाऊस कोसळत होता. विमान उतरायच्या बेतात असताना एकदम इंजिनांचा आवाज चढला, पाठ सीटला चिकटली आणि ढगांच्या फटीतून नुकतेच दिसू लागलेले दिवे पुन्हा गडप झाले. वीस-पंचवीस मिनिटं आकाशात फिरून विमान दुसऱ्या खेपेला व्यवस्थित उतरलं. जमीन जवळ आल्याचा इशारा वाजला म्हणून आम्ही पुन्हा वर गेलो, एवढंच कॅप्टनने सांगितलं. घरी पोचेपर्यंत भाच्याचा राग धुमसत होता. "मामा, खाली दिवे दिसत होते. यंत्र ओरडलं म्हणून दीडशे माणसांचा जीव टांगणीला लावायचा?" दुसऱ्या दिवशी नातेवाइकांच्या ग्रुपवर याच विषयावर जुंपली आणि आठवडाभर चालली. जीपीएसमध्ये ढवळाढवळ होत असल्याच्या बातम्या येऊ लागल्यापासून टीव्हीवरही हाच वाद वेगवेगळ्या तोंडांनी ऐकू येतो. एक बाजू म्हणते, यंत्रं वाटेल तेव्हा कोकलतात, हजारो तास उडालेल्या पायलटला स्वतःच्या अकलेने निर्णय घेऊ द्या. दुसरी बाजू म्हणते, माणूसच चुकतो, तेव्हा विमान वर घेण्याचं काम थेट संगणकाकडे सोपवा.

मी तीस वर्षं सांताक्रूझला विमानांची उपकरणं तपासण्यात घालवली. ज्या डब्यातून हा इशारा येतो, तो डबा मी शेकडो वेळा काढला आणि बसवला आहे. त्यामुळे हा वाद ऐकताना मला राहून राहून वाटतं की दोन्ही बाजू चुकीच्या प्रश्नावर भांडताहेत. माणूस हुशार की यंत्र हुशार, हा इथला प्रश्न नव्हे. माझं मत सरळ आहे. ढगात किंवा अंधारात, उतरण्याच्या वाटेवर 'पुल अप', म्हणजे 'वर खेचा', हा आवाज आला की पायलटने आधी विमान वर न्यायचं. इशारा खरा की खोटा हे त्या क्षणी ठरवण्याचा अधिकार कॉकपिटमधल्या कुणालाही नसावा. ती चौकशी जमिनीवर व्हावी, आणि इशारा खोटा निघाला तर त्याची किंमत कंपनीने, देखभाल करणाऱ्यांनी आणि उशिरा पोचणाऱ्या प्रवाशांनी सोसावी.

हा विषय मुंबईला परका नाही, हे आधी सांगायला हवं. माझ्या भाच्याला ज्या भागातले दिवे दिसले, त्याच घाटकोपरच्या टेकडीवर 12 जुलै 1949 रोजी केएलएम कंपनीचं कॉन्स्टेलेशन विमान आदळलं होतं. पावसाळी हवा, ढग खाली आलेले, विमान सांताक्रूझला उतरायला येत होतं. आतली 45च्या 45 माणसं गेली. त्यांत इंडोनेशियाहून परतणारे अमेरिकी पत्रकार होते. तेरा वर्षांनी, जुलै 1962 मध्ये, अलिटालियाचं डीसी-8 बँकॉकहून मुंबईला येत असताना रात्री जुन्नरच्या डोंगरात शिरलं. 94 जण ठार. मुंबई तिथून 80 किलोमीटरहून जास्त दूर होती. आपण शहराच्या बरेच जवळ आलो आहोत असं वाटून विमान वेळेआधीच खाली आणलं गेलं, असा चौकशीचा निष्कर्ष होता. मुंबईहून निघालेली एअर इंडियाची दोन विमानं युरोपातल्या एकाच पर्वतावर, माँ ब्लाँवर, संपली. 3 नोव्हेंबर 1950 रोजी 'मलबार प्रिन्सेस' आणि 24 जानेवारी 1966 रोजी 'कांचनजंगा'. दुसऱ्यात 117 जण होते आणि त्यांत होमी भाभा होते. ज्या माणसाने ट्रॉम्बेच्या टेकडीच्या पायथ्याशी देशाचं अणुविज्ञान उभं केलं, तो जिनिव्हाला उतरायला निघालेल्या विमानात, आपण पर्वत ओलांडला या पायलटच्या समजुतीपायी गेला.

या अपघातांत एक गोष्ट समान आहे आणि माझा सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. विमानं धडधाकट होती. इंजिनं चालू होती, पंख शाबूत होते, सुकाणू हातात होतं. आपण कुठे आहोत याबद्दलची पायलटची समजूत तेवढी चुकलेली होती, आणि ती चुकली आहे हे त्याला कळायला काही मार्ग नव्हता. आता विचार करा, असा इशारा नेमका कधी वाजतो? पायलटच्या डोक्यातला नकाशा आणि खालची जमीन यांचा मेळ बसेनासा होतो तेव्हा. म्हणजे त्या क्षणी संशय असतो तो पायलटच्या खात्रीवरच. मग 'मला खात्री आहे, इशारा खोटा आहे' या वाक्याला त्या क्षणी किती वजन द्यायचं? ज्याच्यावर शंका आहे त्यालाच न्यायाच्या खुर्चीत बसवायचं का? माणूस जितका अनुभवी, तितकी त्याची खात्री घट्ट. म्हणून अनुभवाचा दाखला इथे उलटाही पडू शकतो. 28 जुलै 2010 रोजी इस्लामाबादजवळ मारगल्ला टेकड्यांवर एअरब्लूचं विमान आदळलं, 152 माणसं गेली. कॅप्टनच्या खात्यावर पंचवीस हजारांवर तास होते. शेवटच्या मिनिटभरात यंत्र पुन्हा पुन्हा ओरडत होतं, शेजारचा तरुण सहवैमानिक विमान वर घ्या म्हणून सांगत होता. अनुभव कमी पडला असं कोण म्हणेल?

हे यंत्र कसं चालतं ते थोडक्यात सांगतो, कारण वादातली निम्मी गल्लत तिथे आहे. डोनाल्ड बेटमन नावाच्या कॅनडात जन्मलेल्या अभियंत्याने 1960च्या दशकाच्या शेवटी ते प्रथम घडवलं. 1 डिसेंबर 1974 रोजी वॉशिंग्टनला उतरायला येणारं टीडब्ल्यूएचं विमान व्हर्जिनियातल्या डोंगरावर आदळून 92 जण गेले, त्यानंतर अमेरिकेने ते मोठ्या प्रवासी विमानांना सक्तीचं केलं. त्या पहिल्या यंत्राचा आधार रेडिओ अल्टिमीटर होता. विमानाच्या पोटाखालून रेडिओलहरी जमिनीवर सोडायच्या, त्या परत यायला किती वेळ लागला त्यावरून उंची काढायची. खाली येण्याचा वेग जास्त असला की 'सिंक रेट', चाकं न काढता जमीन जवळ आली की 'टू लो, गिअर', उतरण्याच्या ठरलेल्या तिरक्या रेषेखाली गेलं की 'ग्लाइडस्लोप', आणि खरोखर वेळ हातातून निसटायला लागली की 'पुल अप'. उणीव अशी होती की यंत्राला फक्त पोटाखालचं दिसायचं, समोरचं नाही. खडा कडा समोर असेल तर इशारा फार उशिरा यायचा. 20 डिसेंबर 1995 रोजी कोलंबियात कालीजवळ अमेरिकन एअरलाइन्सचं विमान डोंगरावर आदळलं, 159 जण गेले. तिथे इशारा आदळण्यापूर्वी बाराएक सेकंद आला. पायलटनी तो लगेच पाळला, इंजिनं पूर्ण जोरात केली, नाक वर ओढलं. पण पंखांवरचे स्पीडब्रेक, म्हणजे वेग कमी करणाऱ्या झडपा, उघडेच राहिले आणि विमान शिखराच्या जरा खाली धडकलं. याच सुमारास नवी पिढी आली. तिच्यात जगाच्या जमिनीचा नकाशा साठवलेला असतो आणि जीपीएसवरून विमान कुठे आहे ते पाहून ती पुढच्या वाटेवरची जमीन आधीच ताडते. साधारण मिनिटभर आधी सावधगिरीची सूचना, अर्ध्या मिनिटाच्या आसपास असताना 'पुल अप'. उतरणारं विमान ताशी 260 किलोमीटरने जात असतं, म्हणजे सेकंदाला सत्तर मीटरच्या वर. घाटकोपर स्टेशनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला त्याला चारएक सेकंद लागतात. चर्चेसाठी वेळ कुठे आहे?

आता विरोधी बाजूचे मुद्दे. ते पोकळ नाहीत. सगळ्यात जुना मुद्दा 'लांडगा आला रे आला' या गोष्टीचा. खोटे इशारे वाजत राहिले की खऱ्याकडेही दुर्लक्ष होतं, हे मी मान्य करतो. प्रत्यक्षात घडलेलं आहे. 9 मे 2012 रोजी इंडोनेशियात सुखोई सुपरजेटच्या प्रात्यक्षिक उड्डाणात ढगांतून समोर सालक पर्वत होता. इशारा वाजला, आणि नकाशाच्या साठ्यात घोळ असणार असं धरून तो बंद करण्यात आला. 45 जण गेले. पहिल्या इशाऱ्यापासून आदळेपर्यंत अडतीस सेकंद होते. पहिल्या चोवीस सेकंदांत कधीही विमान वर घेतलं असतं तरी वाचलं असतं, असं नंतरच्या चौकशीत सिम्युलेटरवर दिसलं. मग या उदाहरणावरून कोणता निष्कर्ष निघतो? खोटे इशारे घातक असतात, हा एक. पण इशारा खोटा असल्याचा निवाडा कॉकपिटमध्ये करणं त्याहून घातक असतं, हा दुसरा. विरोधक पहिला निष्कर्ष घेतात आणि दुसरा तिथेच टाकून जातात. लांडग्याच्या गोष्टीत आपण नेहमी त्या पोराला दोष देतो. मेंढ्यांच्या बाजूने ती गोष्ट सांगून पाहा. गावाने चौथ्यांदाही टेकडी चढायला काय हरकत होती? तीन फुकट फेऱ्यांत गावाचं काय गेलं, आणि चौथी न केल्यामुळे मेंढ्यांचं काय गेलं?

खोट्या इशाऱ्यावर तोंड बंद करण्याचा उपाय जमिनीवरच्या यंत्रणांनीही करून पाहिला आहे. विमान ठरलेल्या किमान उंचीखाली गेलं तर हवाई नियंत्रकाच्या पडद्यावरही इशारा येण्याची सोय असते. ग्वाम बेटावर ही सोय होती, पण ती उगाचच फार वाजते म्हणून विमानतळाभोवतीच्या मोठ्या भागात तिला गप्प केलं होतं. 6 ऑगस्ट 1997 रोजी पावसाळी रात्री कोरियन एअरचं जंबो जेट तिथल्या टेकडीवर आदळलं. सव्वादोनशेहून अधिक माणसं गेली. त्रास देणारा आवाज बंद केला की त्रास संपल्यासारखा वाटतो, इतकंच.

दुसरा मुद्दा जीपीएसचा आणि तो आजचा आहे. 2023 पासून पश्चिम आशियावरून जाणाऱ्या विमानांना खोटे जीपीएस संकेत मिळू लागले, आणि पस्तीस हजार फुटांवर, खाली मैलोन्‌मैल मोकळं आकाश असताना, 'पुल अप' ऐकू येऊ लागलं. नोव्हेंबर 2023 मध्ये आपल्या डीजीसीएनेही, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानेही, याबाबत परिपत्रक काढलं. आखाताची उड्डाणं मुंबईहून रोज होतात, तेव्हा आपल्या पायलटांनाही हे चुकलेलं नाही. एवढ्या उंचीवर कुणी पायलट तो आवाज ऐकून विमानाचं नाक वर ओढणार नाही आणि ओढूही नये. जगात तेवढ्या उंचीचा डोंगरच नाही. हा अपवाद मला मान्य आहे. दिवसाउजेडी, स्वच्छ हवेत, जमीन आणि अडथळे डोळ्यांनी स्पष्ट दिसत असतील, तर इशाऱ्याला केवळ सावधगिरीची सूचना समजण्याची मुभा विमान बनवणारेही देतात. तीही मान्य. पण वादात होतं काय, की हे दोन अपवाद हळूच उचलून रात्रीच्या पावसात, दोन हजार फुटांवर आणून ठेवले जातात. तिथे ते लागू नाहीत. शिवाय जीपीएसवर फक्त पुढचं पाहणारा भाग चालतो. पोटाखालची जमीन मोजणारा जुना भाग रेडिओ अल्टिमीटरवरच चालतो, त्याला जीपीएस लागत नाही. पायलटने नकाशावाला भाग बंद केला तरी हा भाग जागा राहतो. उतरताना इशारा आला तर तो यातल्या कोणत्या भागाने दिला, हे शोधत बसायला वेळ नसतो. मला भीती वेगळीच वाटते. चार तासांपूर्वी इराणवर ज्या आवाजाकडे सगळ्यांनी मिळून दुर्लक्ष केलं, तोच आवाज पनवेलवर आला तर कान त्याला वेगळा मानतील का? हे संकट खरं आहे. त्यावर उपाय म्हणजे खोटे संकेत ओळखणारी नवी संगणकप्रणाली लवकर बसवणं आणि असा प्रत्येक प्रसंग नोंदवणं. पायलटला 'तुझं तू बघ' म्हणणं हा उपाय होत नाही.

तिसरा मुद्दा मला सर्वांत जड जातो, कारण तो आपल्या वांद्र्याच्या समुद्रातला आहे. 1 जानेवारी 1978च्या रात्री एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' सांताक्रूझहून दुबईकडे निघालं आणि दोन मिनिटांच्या आत समुद्रात कोसळलं. 213 जण होते, कुणी वाचलं नाही. कॅप्टनसमोरचं विमानाचा कल दाखवणारं उपकरण बिघडलं होतं. विमान उजवीकडे कललं आहे असं ते दाखवत होतं. ते खरं मानून विमान डावीकडे वळवलं गेलं, आणखी वळवलं गेलं. खाली काळा समुद्र, क्षितिज दिसत नव्हतं. यंत्रावर डोळे मिटून विश्वास ठेवा म्हणणाऱ्याने या अपघातापुढे गप्प राहायला हवं, असं मला कुणी म्हटलं तर मी चिडणार नाही. हँगरमध्ये नव्याने आलो तेव्हा जुनी माणसं या विमानाबद्दल हळू आवाजात बोलायची. पण नीट पाहिलं तर हा अपघात काय सांगतो? सहवैमानिकापुढचं आणि मधलं राखीव उपकरण योग्य दाखवत होतं. एकाच स्रोतावर बांधलेली समजूत चुकली आणि तिला छेद देणारा आवाज वेळेवर आला नाही. जमिनीचा इशारा हे काम करण्यासाठीच आहे. तो तुमच्या समजुतीपासून अलग असलेला, बाहेरून बोलणारा आवाज आहे. आणि चुकीच्या कलमापकावर विश्वास ठेवला की विमान समुद्रात जातं. चुकीच्या 'पुल अप'वर विश्वास ठेवला की विमान आकाशात जातं. दोन चुकांची फळं सारखी नाहीत.

यावर कुणी जाणकार म्हणेल की वर जाणंही निर्धोक नसतं. हे खरं आहे, आणि ग्रुपवर हा मुद्दा कुणी मांडला नाही याचं मला वाईट वाटलं. अंधारात इंजिनं पूर्ण जोरात केली की शरीराला वाटतं, नाक फार वर गेलं, आणि हात नकळत ते खाली दाबतो. 23 ऑगस्ट 2000 रोजी बहरीनला गल्फ एअरचं विमान पहिला प्रयत्न सोडून पुन्हा वर जाताना समुद्रात गेलं. 143 जण होते. उतरणं सोडून देण्याची सवय रोजच्या रोज होत नाही, म्हणून ती पायलटला अवघड जाते. मुंबईत तर आणखी अडचण. एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या, त्यामुळे एका वेळी एकच वापरायची, आणि तासाला चाळिसाच्या वर विमानांची ये-जा. एक विमान वर गेलं की मागची रांग विस्कटते, डहाणूपासून अलिबागपर्यंत विमानं घिरट्या घालत राहतात. मात्र बहरीनच्या त्या विमानातही समुद्रात जाण्याआधी हाच इशारा वाजत होता आणि तो बरोबर होता. वर जाताना धोका असेल तर सिम्युलेटरमध्ये वर जाण्याचा सराव वाढवायचा. उतरत राहण्याचं ते कारण होऊ शकत नाही.

मग संगणकालाच वर घेऊ द्या, असं म्हणणाऱ्यांचं काय? या बाजूला मी अधिक जवळचा आहे. अमेरिकी हवाई दलाच्या एफ-16 विमानांत 2014 पासून अशी सोय आहे आणि शुद्ध हरपलेल्या पायलटांना तिने जमिनीपासून ओढून वर आणलं आहे. आपल्या लोकलमध्येही मोटरमनने इशाऱ्याला पोच दिली नाही तर ब्रेक आपोआप लागतात, याची आपण कुणी तक्रार करत नाही. पण लोकल थांबली की ती सुरक्षित असते. विमान थांबू शकत नाही. आपोआप वर उचललेल्या विमानाच्या वर दुसरं विमान असू शकतं, वेग कमी असू शकतो. आणि आपोआप चालणाऱ्या यंत्राला खोटी माहिती मिळाली तर काय होतं ते 2018 आणि 2019 मध्ये दोन बोइंग मॅक्स विमानांत दिसलं. एका संवेदकाच्या चुकीच्या आकड्यावरून संगणक नाक खाली दाबत राहिला, 346 माणसं गेली. जीपीएस खोटं बोलू शकतं अशा काळात सुकाणू पूर्णपणे त्याच्या हाती द्यायला मी आज तयार नाही. उद्या कदाचित होईन. तोवर मधली वाट हीच, की निर्णय आधीच, जमिनीवर, शांत डोक्याने घेऊन ठेवायचा आणि पायलटने तो फक्त अमलात आणायचा.

इशारा वाजला नाही म्हणजे सगळं ठीक, असं मात्र मी म्हणत नाही. मे 2022 मध्ये पॅरिसला उतरणाऱ्या एका एअरबसला हवेच्या दाबाचा आकडा दहा हेक्टोपास्कलने चुकीचा सांगितला गेला. दाबावर चालणाऱ्या उंचीमापकात त्यामुळे सुमारे 280 फुटांचा फरक पडला. धावपट्टीच्या अलीकडे विमान जमिनीपासून अवघं सहा फुटांवर आलं आणि वर गेलं. कॉकपिटमधला डबा गप्प होता, कारण धावपट्टीच्या इतक्या जवळ जमीन जवळ येणारच, असं तो धरून चालतो. पावसाळ्यात मुंबईवर दाब हजाराच्या आसपास उतरतो, दिवसभरात बदलतो, आणि रेडिओवर एक आकडा चुकीचा ऐकू येणं काही अशक्य नाही. जो डबा अशा वेळी बोलूच शकत नाही, तो बोलतो तेव्हा तरी ऐकावं, याला एवढा विरोध का?

आता माझ्याकडची बाजू. खोट्या इशाऱ्यांची जबाबदारी जमिनीवर आहे असं मी म्हणालो, तर आम्ही जमिनीवरचे काय करत होतो? एका पावसाळ्यात एकाच विमानाचा स्नॅग, म्हणजे बिघाडाची तक्रार, तीनदा लिहून आला. उतरताना कारण नसताना 'टेरेन' (जमीन) वाजतं, पायलट वर गेले. तिन्ही वेळा मी कॉकपिटमध्ये बसून चाचणीचं बटण दाबलं. चाचणीत तो डबा आपले सगळे इशारे एकेक करून म्हणून दाखवतो, ते मी ऐकले आणि टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, 'तपासलं, ठीक आहे' असं लिहून सही केली. चौथ्यांदा एका वरिष्ठाने विमानाच्या पोटाखालची अँटेना उतरवायला लावली. जोडणीत पाणी शिरलं होतं. उडताना, थरथरताना, पावसात ते आकडे बिघडवायचं, आणि हँगरमध्ये कोरडं विमान उभं असताना सगळं सुरळीत दिसायचं. 2009 मध्ये ॲमस्टरडॅमला टर्किश एअरलाइन्सचं विमान पडलं, नऊ जण गेले, त्यात मूळ दोष रेडिओ अल्टिमीटरने दाखवलेल्या चुकीच्या उंचीचा होता, आणि तसाच आकडा आधीच्या उड्डाणांतही दिसला होता. ती बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या त्या तीन सह्या डोळ्यांसमोर येत राहिल्या. त्या पायलटांनी तिन्ही वेळा इशारा पाळला होता. त्यांच्यावर वेळ वाया घालवल्याचा ठपका आला असेल का, हे मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. पायलटने खोट्या इशाऱ्यावर विमान वर नेलं की ती माझ्यासारख्याच्या नावावर मांडायची चूक असते, त्याच्या नावावर नव्हे.

म्हणून नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालं तेव्हा मला इमारतीच्या कमळासारख्या आकारापेक्षा एका रटाळ कामाची चिंता होती. उलव्याची टेकडी कापून तिथे जमीन सपाट केली. डब्यातल्या नकाशात ती टेकडी अजून उभी असेल किंवा नवी धावपट्टी नोंदलेली नसेल, तर तिथे उतरणारं विमान डब्याच्या दृष्टीने मोकळ्या जमिनीकडे निघालेलं असतं आणि तो ओरडणारच. एप्रिल 2010 मध्ये स्मोलेन्स्कला पोलंडच्या राष्ट्राध्यक्षांचं विमान पडून 96 जण गेले. ते विमानतळही यंत्राच्या साठ्यात नव्हतं, त्यामुळे तिथे इशारा वाजणं कुणाला विशेष वाटण्यासारखं राहिलं नव्हतं. नकाशा अद्ययावत करणं हे अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. ते पुढे ढकललं तर कुणाच्या लक्षात येत नाही. सांताक्रूझच्या भोवतीही मर्यादेपेक्षा उंच इमारतींचा खटला वर्षानुवर्षं चालला, 2022 मध्ये उच्च न्यायालयाने 48 इमारतींचे वरचे भाग पाडण्याच्या आदेशाची अंमलबजावणी करायला सांगितलं. प्राइम टाइमला पायलट विरुद्ध संगणक अशी कुस्ती लावणाऱ्यांनी एक दिवस या कामांवर चर्चा लावावी. कोणत्या कंपनीच्या किती विमानांत नकाशा जुना आहे? एका वर्षात किती इशारे वाजले, किती पाळले गेले, किती खोटे निघाले आणि कशामुळे? हे आकडे प्रवाशांपुढे यायला हवेत.

भाच्याने शेवटी विचारलं, "पण मामा, त्या रात्री खाली खरंच काही होतं का?" मला माहीत नव्हतं, त्यालाही कळलं नव्हतं. डब्याच्या स्मृतीत त्या इशाऱ्याची नोंद असणार, कुणी तरी ती उतरवून वाचली असणार. मी त्याला कंपनीला पत्र लिहायला लावलं. तक्रार काढून टाकली, त्याऐवजी दोन ओळी लिहिल्या. विमान वर नेल्याबद्दल कॅप्टनचे आभार कळवा, आणि इशारा कशामुळे वाजला ते प्रवाशांना सांगा. पोच आली आहे. उत्तराची वाट पाहतो आहोत.